कॉफी आंबट लागतेय? किटली नंतर घ्या, आधी दळण बघा

आजचा भाग ओट्यापाशी उभं राहून ऐकण्यासारखा आहे. बसमध्ये असाल तरी चालेल, फक्त घरी गेल्यावर एक प्रयोग करायचाय, तेवढा लक्षात ठेवा.

मागच्या आठवड्यात नाशिकहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पहिली नोकरी, चार महिने झालेत, आईबाबांकडेच राहतो. त्याने एक साधा प्लास्टिकचा ड्रिपर, कागदी फिल्टरचं पाकीट आणि २५० ग्रॅम दळलेली कॉफी असं मिळून दीडएक हजाराचं सामान मागवलं. दोन आठवडे रोज सकाळी कॉफी करतोय आणि त्याच्याच शब्दांत, "दादा, लिंबू पिळल्यासारखी लागते. अर्धा कप सिंकमध्ये जातो." वर बाबा रोज विचारतात, चहात काय वाईट होतं? आता त्याने बगळ्याच्या मानेसारखी नळी असलेली ती किटली आणि एक इलेक्ट्रिक ग्राइंडर, असे नऊ हजार रुपये कार्टमध्ये टाकून ठेवलेत. हप्त्यांवर. आणि मला विचारतोय, "ऑर्डर करू का? हो की नाही एवढंच सांग."

मी सांगितलं, थांब. पण नुसतं 'थांब' सांगून भागत नाही, कारण त्याची कॉफी खरंच वाईट होत होती. आणि असे खूप जण आहेत. रील बघून ड्रिपर घेतात, पंधरा दिवस आंबट पाणी पितात, मग एकतर पगारातले आणखी पैसे घालतात, नाहीतर ड्रिपर माळ्यावर जातो, सँडविच मेकरच्या शेजारी. म्हणून म्हटलं, याचं उत्तर सगळ्यांना ऐकवूया.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. ड्रिपर म्हणजे एक नरसाळं. त्यात कागद, कागदात दळलेली कॉफी, वरून गरम पाणी, खाली कप. संपलं. १९०८ साली जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्झ नावाच्या बाईंनी ही युक्ती काढली. घरच्या कॉफीत गाळ यायचा आणि चव कडवट व्हायची, याचा त्यांना वैताग आला होता. त्यांनी एका पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून त्यात बसवला आणि वरून कॉफी गाळली. त्याच वर्षी जूनमध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली, आणि डिसेंबरमध्ये ७३ फेनिग भांडवलावर कंपनी सुरू झाली. शंभर फेनिगचा एक मार्क व्हायचा, म्हणजे भांडवल एक मार्कसुद्धा नव्हतं! मेलिटा हे नाव आजही फिल्टरच्या पाकिटांवर दिसतं.

खिळा आणि टीपकागद. नऊ हजारांच्या कार्टकडे बघताना हे आठवायला हरकत नाही.

आज आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो व्ही-सिक्स्टी, जपानच्या हारिओ कंपनीचा, किंवा त्याच आकाराचे देशी ड्रिपर. आकार व्हीसारखा आणि कोन ६० अंशांचा, म्हणून ते नाव. त्याला खाली एकच मोठं भोक असतं. इथेच सगळी गंमत आहे. भोक मोठं असल्यामुळे ड्रिपर पाण्याला अडवतच नाही. पाणी अडतं ते कॉफीच्या थरात. म्हणजे पाणी कॉफीपाशी किती वेळ राहणार, हे तुमचं दळण आणि तुमचं ओतणं ठरवतं. कलिताच्या वेव्ह ड्रिपरचा तळ सपाट असतो आणि त्याला तीन लहान भोकं असतात. तो आपल्या चुका जरा पोटात घालतो. व्ही-सिक्स्टी नाही घालत.

आणि हो, चिनी मातीचा पांढराशुभ्र ड्रिपर फोटोत सुंदर दिसतो, पण थंड असला तर पाण्यातली उष्णता आधी तोच पिऊन टाकतो. प्लास्टिकचा तसं करत नाही. सगळ्यात स्वस्त तोच कामाला बरा, असं फार कमी वस्तूंच्या बाबतीत होतं.

आता प्रयोग. तीन वाट्या घ्या. नेहमीसारखी कॉफी करायला लागा, पण सगळी एका कपात गाळू नका. पहिला साधारण एकतृतीयांश भाग पहिल्या वाटीत, मग ड्रिपर उचलून दुसऱ्या वाटीवर, मग तिसऱ्या. थोडी सांडेल, खाली ताट ठेवा. मग तिन्ही वाट्यांतली कॉफी चमच्याने चाखा.

पहिली वाटी काळी, दाट, अंगावर येणारी. आंबट, थोडी खारटसुद्धा. दुसरी बरीच सौम्य, आणि नीट लक्ष दिलंत तर चक्क गोडसर. साखर न घालता. तिसरी फिकी, चहाची पावडर दुसऱ्यांदा उकळल्यासारखी, शेवटी किंचित कडू आणि तुरट. आता तिन्ही एकत्र करा आणि पुन्हा चाखा. ही तुमची कॉफी.

हे असं का होतं? ढोबळमानाने सांगतो. कॉफीत जे जे विरघळतं ते सगळं एकदम बाहेर येत नाही. आंबटपणा देणारे पदार्थ लगेच येतात, गोडवा त्याच्या मागून, आणि कडू-तुरट सगळ्यात शेवटी रेंगाळत. पाणी भसकन निघून गेलं तर कपात पहिली वाटीच जास्त. पाणी तुंबून बसलं तर तिसरी वाटी जास्त. बस, आजच्या भागातलं विज्ञान एवढंच.

म्हणून मी नाशिकच्या त्या मुलाला एकच प्रश्न विचारला. पाणी ओतायला सुरुवात केल्यापासून शेवटचा थेंब पडेपर्यंत किती वेळ लागतो? त्याने मोबाइलवर मोजून सांगितलं, एक मिनिट दहा सेकंद. मग म्हटलं, पाकिटाचा फोटो पाठव. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दळण: फ्रेंच प्रेस. आता फ्रेंच प्रेसमध्ये कॉफी चार-चार मिनिटं पाण्यात बुडून राहते, म्हणून तिचं दळण जाडं असतं, जवळजवळ लापशीच्या रव्यासारखं. ते ड्रिपरमध्ये टाकलं तर खडीवर पाणी ओतल्यासारखं होणार. ऑर्डर करताना त्या यादीत जे पहिलं दिसलं ते त्याने निवडलं होतं. साहजिक आहे, कोण सांगतं हे?

मग आम्ही काय केलं? मिक्सरचं चटणीचं भांडं. हो, तेच. आधी त्यात मूठभर कच्चे तांदूळ फिरवून घ्यायचे, म्हणजे मसाल्याचा वास जातो. भांडं कोरडं पुसायचं. मग एका वेळची कॉफी टाकून मिक्सर सलग चालवायचा नाही. एक सेकंद चालू, बंद, भांडं हलवा. पुन्हा एक सेकंद. असं तीन-चार वेळा. बोटांच्या चिमटीत घेतली तर मिठासारखी किंवा त्याहून किंचित जाडसर लागली पाहिजे. पिठीसाखर झाली तर तुम्ही पुढे निघून गेलात. मिक्सरचं पातं कॉफी तोडतं, दळत नाही, त्यामुळे थोडी पूड आणि थोडे खडे असं मिश्रण होतं. मैद्याच्या चाळणीतून हलकेच चाळलं तर अगदी बारीक भुगा निघून जातो आणि कप बराच स्वच्छ लागतो. तो भुगा टाकू नका, दुधात उकळून कॉफी होते त्याची.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. वेळ, दोन मिनिटं चाळीस सेकंद. पुढे लिहिलं होतं, "दादा, आज पूर्ण कप प्यायलो." कार्ट रिकामी केली का, ते मी विचारलं नाही.

आता तुमच्यासाठी सगळी कृती एकदा नीट सांगतो. १५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी. पाणीसुद्धा वजनावर, ड्रिपर आणि कप दोन्ही काट्यावर ठेवून. स्वयंपाकघरातला चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल काटा पुरतो. काटा नसेल तर तीन सपाट पोह्याचे चमचे कॉफी घ्या, पण चमच्याचं माप रोज थोडं बदलतं, आणि मग काय बिघडलं ते कळत नाही.

कागद ड्रिपरमध्ये बसवून त्यावर गरम पाणी ओता आणि ते पाणी फेकून द्या. कागदाचा वास जातो आणि कप गरम होतो. मग कॉफी टाका, थर सपाट करा, टायमर चालू. आधी फक्त ४०-४५ ग्रॅम पाणी, सगळी कॉफी भिजेल इतकंच, आणि चाळीस सेकंद थांबा. कॉफी ताजी असेल तर ती फुगते, बुडबुडे येतात. भाजताना बियांमध्ये कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो, तो इथे बाहेर पडतो. तो आधी निघाला नाही तर पाणी कॉफीत नीट शिरत नाही. अजिबात फुगली नाही, तर पाकीट जुनं आहे. त्यानंतर गोल गोल, शांतपणे, १५० पर्यंत. जरा खाली जाऊ द्या. मग २५० पर्यंत. सगळं पाणी अडीच ते सव्वातीन मिनिटांत खाली आलं की वेळेच्या हिशेबाने तुम्ही योग्य जागी आहात.

पण शेवटचा निकाल टायमर देत नाही, जीभ देते. आणि इथे मला जरा रागच येतो. पाकिटांवर लिहिलेलं असतं, ब्लूबेरी, जास्मिन, टोस्टेड हेझलनट. अरे, ब्लूबेरी मी आयुष्यात मोजून चार वेळा खाल्ली असेल! ती चव आली नाही म्हणून मुलांना वाटतं आपल्यालाच काही कळत नाही. तुमच्याकडे लागणारे शब्द आधीपासून आहेत. आंबट, कडू, तुरट, पाणचट. तुरट म्हणजे कच्चा पेरू खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ते. इंग्रजी व्हिडिओंमध्ये कडू आणि तुरट यांची बऱ्याचदा गल्लत होते. आपण ते दोन वेगळे शब्द रोज वापरतो.

आंबट आणि पोकळ लागली तर दळण थोडं बारीक करा. कडू किंवा तुरट लागली तर थोडं जाडं करा. चव बरी आहे पण पाणचट, तर दळणाला हात लावू नका, कॉफी एक-दोन ग्रॅम वाढवा. एका दिवशी एकच गोष्ट बदला. दळण, पाणी, माप सगळं एकदम बदललं तर कॉफी सुधारली तरी कशामुळे सुधारली ते कधीच कळणार नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. सगळा आंबटपणा म्हणजे दोष नाही. कच्च्या कैरीसारखा, नुसता झोंबणारा असेल तर तो दळणाचा. पण संत्र्यासारखा, मागे गोडवा असलेला असेल तर तो त्या कॉफीचा स्वतःचा, आणि त्याचेच तुम्ही पैसे दिलेत. कप थोडा थंड झाल्यावर पुन्हा चाखा, फरक लगेच कळतो.

पाण्याबद्दल. जवळजवळ सगळा कप पाणीच असतो, तरी यावर कोणी बोलत नाही. आरओचं पाणी फार 'स्वच्छ' असेल, म्हणजे टीडीएस २०-३० वगैरे, तर कॉफी बेचव लागते, कारण चव ओढून काढायला पाण्यात थोडे क्षार लागतात. उलट बोअरचं जड पाणी असेल तर त्यातले क्षार आंबटपणाच मारून टाकतात, कॉफी खडूसारखी सपाट. कॉफीच्या धंद्यातले लोक साधारण १५० टीडीएसचं पाणी चांगलं मानतात. धरणाचं नळाचं पाणी गाळून वापरलं तर बहुतेक ठिकाणी काम होतं. बोअर आणि आरओ दोन्ही असेल तर दोन्ही मिसळून बघा. फुकटचा उपाय आहे.

तापमानासाठी थर्मामीटर नको. हलकी किंवा मध्यम भाजलेली कॉफी असेल तर पाणी उकळलं की ओता. "उकळत्या पाण्याने कॉफी जळते" हे मी शंभर वेळा ऐकलंय, पण तिकडे दोनशे अंशांच्या आसपास भाजून आलेली बी शंभर अंशांच्या पाण्याने काय जळणार? आणि पुण्यात तर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, महाबळेश्वरला आणखी कमी. कॉफी काळीभोर, तेलकट भाजलेली असेल तर मात्र मिनिट-दोन मिनिटं थांबा, कारण तिच्यातलं कडू फार पटकन सुटतं.

आणि ती किटली! तिचा उपयोग आहे, नाही असं नाही. धार बारीक पडते, कॉफीच्या थरात खड्डा होत नाही. पण दुधाचा छोटा स्टीलचा जग किंवा चोच असलेलं पातेलं घ्या आणि धार सरळ कॉफीवर न सोडता चमच्याच्या पाठीवर सोडा. पाणी पसरून पडतं. हॉस्टेलवर मुलं हे मजेत करतात. घरात आजीच्या वेळची झारी असेल तर मग बघायलाच नको. तिची धार त्या किटलीच्या तोडीस तोड पडते. फक्त झारीला वर्षानुवर्षं कोणी घासलेलं नसतं, ते आधी करा.

तर पैसे खर्च करायचेच असतील तर कुठे? माझा क्रम असा. आधी ताजी कॉफी, पाकिटावर भाजल्याची तारीख असलेली, आठवड्यापूर्वीची ते महिन्याभरापूर्वीची. मग काटा. मग, दोन-तीन महिने टिकलात तर, हाताने फिरवायचा ग्राइंडर, कारण दळल्यावर कॉफीचा वास झपाट्याने उडतो. तोपर्यंत विकणाऱ्याला सांगायचं, "पोर-ओव्हरसाठी दळून द्या." किटली सगळ्यात शेवटी.

हिशेबही सांगतो. २५० ग्रॅमचं पाकीट पाचशे रुपयांना धरलं तर त्यात १५ ग्रॅमचे सोळा कप होतात. म्हणजे कपामागे तीस-एकतीस रुपये, वर कागदाचे तीन-चार. चहापेक्षा महाग आहेच. बाबांचा मुद्दा अगदीच चूक नाही. पण कॅफेत हाच कप दोनशेच्या पुढे जातो.

कॉफी कुठली घ्यायची? बाहेरदेशीची कशाला, चिकमंगळूर आणि कोडगू आपल्या शेजारच्या राज्यात आहेत, आंध्रातलं अराकू आहे. आंबटपणा अजिबात नको असेल तर मॉन्सून्ड मलबार घेऊन बघा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बी मुद्दाम उघडी ठेवतात, ती फुगते, पिवळसर होते आणि आंबटपणा अगदी कमी होतो. फक्त पाकिटावर 'कॉफी-चिकोरी मिश्रण' लिहिलंय का ते बघा. चिकोरी म्हणजे भाजलेली मुळी, आणि मिश्रणात ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. दुधाच्या फिल्टर कॉफीत ती छान लागते, पण ड्रिपरमध्ये कॉफीची चव झाकून टाकते.

दुधाचं विचारणारे असतातच. घाला की! मराठी घरात कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर जायफळ, मलाही ती आवडते. फक्त ड्रिपरची कॉफी पातळ असते, तिच्यात दूध घातलं तर दोन्ही वाया जातात. दुधाची प्यायची असेल तर फेटलेली करा नाहीतर साउथ इंडियन फिल्टरची. ड्रिपरची कोरीच प्या, साखर हवी तर थोडी घाला. कोणी तुमच्या घरी परीक्षेला येत नाही.

तब्येतीचं दोन वाक्यांत. कागद कॉफीतलं बरंचसं तेल अडवतो, आणि त्या तेलात कोलेस्टेरॉल वाढवणारे पदार्थ असतात, त्यामुळे घरात कोणाचं कोलेस्टेरॉल जास्त असेल तर न गाळलेल्या कॉफीपेक्षा ही बरी. कॅफिन मात्र कागद अडवत नाही आणि ते निम्मं उतरायला पाचएक तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाला करून रात्री दोनला मला मेसेज करू नका.

वापरलेला कागद कॉफीसकट ओल्या कचऱ्यात जातो. कुंडीत घालायचा असेल तर चोथा मातीत मिसळा, वर जाड थर दिला की तो कडक होतो आणि बुरशी येते.

पुढच्या भागात साउथ इंडियन फिल्टर, कारण त्याबद्दल निम्म्या लोकांनी विचारलंय. तोपर्यंत तीन वाट्यांचा प्रयोग करा आणि व्हॉइस नोट पाठवा. गाव सांगा, पाणी नळाचं की बोअरचं ते सांगा, आणि पाणी खाली यायला किती वेळ लागला तो आकडा नक्की सांगा, त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही. चला, भेटू.